विश्लेषण : फाइनमनच्या आधी सिद्धान्त मांडणारे हान्स हेलमान कोण होते? त्यांना गोळ्या का घालण्यात आल्या?

नवे औषध किंवा बॅटरीचे साहित्य आज आधी संगणकावर तपासले जाते. अशा गणितात हमखास लागणारा एक सिद्धान्त ‘हेलमान-फाइनमन’ या जोडनावाने ओळखला जातो. यातले फाइनमन नोबेलविजेते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. मग हेलमान कोण?

जर्मनी का सोडावा लागला?

हान्स हेलमान यांचा जन्म १९०३ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथे झाला. स्टुटगार्टमधून १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते हानोव्हरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांची पत्नी व्हिक्टोरिया ज्यू होती. नाझी सत्तेवर आल्यावर हेलमान यांची नोकरी गेली. १९३४ मध्ये ते कुटुंबासह मॉस्कोला गेले आणि तेथील कार्पोव्ह संस्थेत रुजू झाले.

त्यांचे काम काय?

रेणूतील इलेक्ट्रॉन कुठे, किती दाट पसरले आहेत हे कळले, की अणुकेंद्रकावरचे बल साध्या विद्युतबलाच्या नियमाने काढता येते. हा झाला त्यांचा सिद्धान्त. फाइनमन यांनी तो १९३९ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. हेलमान यांच्या पुस्तकात तो १९३७ मध्येच छापून आला होता.

दुसरी कल्पना ‘स्यूडोपोटेन्शियल’ची. रासायनिक बंधात मुख्य भूमिका अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची असते. म्हणून आतल्या इलेक्ट्रॉनांचा एकत्रित परिणाम एकाच सूत्रात बसवायचा आणि गणित फक्त बाहेरच्यांचे करायचे. जड मूलद्रव्यांचे हिशेब यामुळेच आवाक्यात आले.

‘क्वांटम रसायनशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक १९३७ मध्ये आधी रशियन भाषेत आले. त्याच वर्षी त्याची छोटी जर्मन आवृत्तीही निघाली. या विषयावरच्या अगदी सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत त्याची गणना होते.

शेवट कसा झाला?

तेव्हा सोव्हिएत संघात स्टॅलिनच्या धरपकडीचे सत्र सुरू होते आणि जर्मन माणूस म्हणजे संशयित, असे समीकरणच झाले होते. मार्च १९३८ मध्ये हेलमान यांना अटक झाली. हेरगिरीचा आरोप ठेवून २९ मे १९३८ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय होते अवघे ३४.

१९५७ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांना निर्दोष ठरवले. पण नेमके काय घडले, हे कुटुंबाला पुढेही अनेक वर्षे कळले नाही.

एका राजवटीने पत्नी ज्यू म्हणून घालवले, दुसरीने जर्मन म्हणून मारले. त्यांचे काम मात्र आजही संगणकांवर रोज चालते.