कुष्ठरोग्यांचा सोबती : संत डेमियन



संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूकडे येतो. कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहावे, कोणी त्याला शिवू नये, असा त्या काळचा नियम होता. प्रभूला नुसत्या शब्दानेही त्याला बरे करता आले असते. पण प्रभूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. पुढे काय झाले, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. बरा झालेला माणूस गावात परतला आणि त्याने केलेल्या बोभाट्यामुळे येशूला उघडपणे गावात जाता येईना. तो बाहेर, एकांतात राहिला. दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. हे शुभवर्तमान आपल्या देहाने जगलेला धर्मगुरू म्हणजे संत डेमियन.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. नाव जोसेफ. थोरल्या भावाच्या पाठोपाठ तेही पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाले. भावाला हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी जायचे होते. पण ऐनवेळी तो आजारी पडला. त्याच्या जागी धाकटा निघाला. १८६४ साली होनोलुलू येथे डेमियन यांना गुरुदीक्षा मिळाली.

हवाईच्या सरकारने १८६५ साली कायदा केला आणि कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटावर नेऊन सोडण्यास सुरुवात केली. एका बाजूला उंच कडा, तीन बाजूंना समुद्र. तिथे गेलेला माणूस घरी परतत नसे. तिथल्या भाविकांसाठी चार धर्मगुरूंनी आळीपाळीने जाण्याची तयारी दाखवली. १० मे १८७३ रोजी पहिले डेमियन गेले आणि तिथेच राहिले.

सुरुवातीच्या रात्री त्यांनी एका झाडाखाली काढल्या. चॅपलमध्ये जखमांची दुर्गंधी त्यांना असह्य होई. त्यावर उपाय म्हणून ते पाइप ओढू लागले. म्हणजे किळस त्यांनाही येत होती. पण तिच्यामुळे ते मागे हटले नाहीत. त्यांनी लोकांच्या जखमा धुतल्या, घरे बांधली, पाण्याचा नळ आणला, अनाथ मुलांना आसरा दिला. शवपेट्या बनवल्या, कबरीही खणल्या. ते रोग्यांबरोबर एका भांड्यात जेवत.

एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीने आले. पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांनाही बोटीवर चढू दिले नाही. तेव्हा डेमियन यांनी खाली होडीत उभे राहून, सर्वांदेखत, मोठ्या आवाजात फ्रेंच भाषेत पापनिवेदन केले.

१८८४ साली त्यांचा पाय कढत पाण्याने भाजला. पण त्यांना काहीच जाणवले नाही. तेव्हा त्यांनी ओळखले. आपल्या लोकांना ते कुष्ठरोगी बांधव म्हणत. आता ते स्वतःच त्यांच्यातले एक झाले. शेवटच्या दिवसांत मदर मेरियन कोप आणि त्यांच्या धर्मभगिनी सेवेला आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, डेमियन प्रभूघरी गेले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पण माणसाला वाळीत टाकण्याची आपली सवय तितक्या सहज बरी होत नाही. आपल्या देशात ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. कायदा बदलला, आता पाळी आपल्या मनाची आहे.

आपल्याही धर्मग्रामात दाराआड राहिलेली माणसे असतील. अंथरुणाला खिळलेली आजी, व्यसनातून उठू पाहणारा तरुण, मनाच्या आजाराने ग्रासलेली मुलगी, भांडणामुळे बोलणे तुटलेला सख्खा भाऊ. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो, ते चांगलेच आहे. पण त्यांच्या घरची पायरी आपण शेवटची कधी चढलो? आपली किळस, भीती, राग लगेच जाणार नाही. संत डेमियन यांचीही गेली नव्हती. तरी त्यांनी हात पुढे केला.

या आठवड्यात अशा एका तरी घरी आपण जाऊ या. पवित्र मिस्सामध्ये ज्या हातांत आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो, तेच हात त्या माणसाच्या हाती देऊ या.

संत डेमियन, आम्हांसाठी विनंती कर.