यंत्राला भाषा शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

गेल्या वर्षी आमच्या प्रकल्पाचा प्रोग्रॅम इंटेलच्या संगणकावर छान चालत होता. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी तोच एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर नेला आणि लिंकर अडून बसला. जुन्या यंत्रावर तयार झालेली लायब्ररी मी तशीच उचलून आणली होती. तिच्यातल्या सूचना या प्रोसेसरला परक्या. मूळ प्रोग्रॅमवरून ती इथे नव्याने कंपाइल केली, तेव्हा कुठे रात्री अकराला सुटका झाली. त्या धांदलीनंतर ग्रेस हॉपर यांच्याविषयी वाचू लागलो.

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. लहानपणी आत काय आहे हे पाहण्यासाठी बाईंनी घरातली गजराची सात घड्याळे खोलली होती! १९३४ मध्ये येलची गणितातील डॉक्टरेट, शिवाय व्हासार महाविद्यालयात अध्यापन. महायुद्धात नौदलात शिरल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क-१ या अजस्र गणकयंत्रावर रुजू झाल्या.

तिथे उपयोगी आकडेमोडीच्या सूचना वहीत टिपून ठेवत आणि एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना अंक चुकत. नव्या जागी पत्ते बदलताना बेरीज चुके. ही हमाली यंत्रानेच करावी, असे बाईंच्या मनाने घेतले. १९५२ मध्ये युनिव्हॅकसाठी त्यांनी ए-० रचला. टेपवरचे उपप्रोग्रॅम शोधायचे, पत्ते बसवायचे, सांधायचे, हे त्याचे काम. त्याला कंपायलर म्हणत, पण माझ्या मते तो आमच्या त्या हटवादी लिंकरचाच आजोबा!

पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांतल्या आज्ञा यंत्राला समजावल्या. त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मनमध्येही देऊन दाखवल्या, तेव्हा वरिष्ठ हादरले. अमेरिकन यंत्राला परकी भाषा कशी कळेल? यंत्राला मात्र सगळे शब्द सारखेच. आपल्या या दोन भाषांच्या अंकात ही हकिगत सांगताना मला विशेष मौज वाटते.

त्याच कामाच्या पायावर कोबोल उभी राहिली. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन भिन्न यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. तरी प्रत्येक उत्पादक आपापली वेगळी बोली घुसडतच राहिला. १९६७ मध्ये नौदलाने निवृत्त बाईंना परत बोलावले, ते हा गोंधळ निस्तरायला. वय साठ! त्यांच्या गटाने कंपायलर तपासणारे चाचणी-प्रोग्रॅम लिहिले. १९८६ मध्ये त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, १ जानेवारी १९९२ रोजी वारल्या.

आमच्या प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर आता प्रत्येक लायब्ररीपुढे प्रोसेसरचे नाव लिहिलेले असते. अक्षर माझेच आहे.