स्वतःच्या श्वासावर प्रयोग करणारा माणूस

हवा दिसत नाही, म्हणून आपण तिचा विचार करीत नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी तो जन्मभर केला. त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, खोल बुडी मारणाऱ्याने कसे टप्प्याटप्प्याने वर यावे याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांनी एकदा लहानग्या हाल्डेनला खाणीत नेले आणि उभ्याने शेक्सपिअरमधले एक भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात पोर कोसळले आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरले. हलका मिथेन छताशी साचतो, हा धडा असा मिळाला.

जून १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण दगावले. त्यानंतर हाल्डेन पोलादी कोठडीत स्वतःला कोंडून, दाब वाढवून निरनिराळे वायू हुंगू लागले. दाबाखालच्या नत्रवायूने दारूसारखी झिंग येई. शुद्ध प्राणवायूने झटके येत. एका झटक्यात त्यांच्या पाठीचे मणके चेपले.

प्राणवायूच घातक कसा? शंभर मीटर खोलीवर दाब अकरापट होतो. साध्या हवेतला २१ टक्के प्राणवायू तिथे शरीराला विषासारखा बाधतो. म्हणून आज तितके खोल जाणारे प्राणवायू कमी करून झिंग न आणणारा हेलियम मिसळतात. मात्र तेच दहा-बारा टक्क्यांचे मिश्रण पाण्याबाहेर हुंगले, तर शुद्ध हरपू शकते. चांगली हवा कोणती, हे जागेवर ठरते.

हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले.

आमच्या नगर जिल्ह्यात मला ते आठवतात वाकडीमुळे. नेवासे तालुक्यातल्या या गावात एप्रिल २०२४ मध्ये शेणाच्या गाळाने भरलेल्या पडीक विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एकामागून एक माणसे उतरली; पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक वाचला. गाळ कुजताना निघणारे वायू प्राणवायूला हुसकून लावतात. तोंडावर फडके बांधून तो परत येत नाही. कंदील सोडून पाहावा, तर मिथेन पेट घेतो. अशा वेळी वरूनच दोर टाकावा आणि श्वासाची नळकांडी असलेल्या अग्निशमन दलाला बोलवावे. आपल्या माणसाला बुडताना पाहून काठावर थांबणे फार कठीण असते. पण मागून जाणाऱ्याचा जीव त्या थांबण्यानेच वाचतो.