मावळचा राजा

इ. स. १६३० च्या सुमारास पुणे हे गाव जवळजवळ ओसाड झाले होते. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते जाळले, घरे पाडली आणि त्या जागेवरून गाढवांचा नांगर फिरविला. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. माणसे गाव सोडून गेली. शेतांत रान माजले. अशा काळात, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शहाजीराजे व जिजाबाई यांच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला. पुणे ही शहाजीराजांची जहागीर होती. काही वर्षांनी जिजाबाई आपल्या बालपुत्राला घेऊन त्या उजाड गावी राहावयास आल्या.

पळून गेलेल्या रयतेला अभय देऊन परत आणण्यात आले. पडीक जमीन जो कसेल त्याच्याकडून आरंभी अगदी थोडा सारा घ्यावा, असे ठरले. पुण्याची भूमी सोन्याच्या नांगराने नांगरली अशी कथा सांगतात. ती कथाच असेल. परंतु उजाड मुलूख पुन्हा पिकू लागला, ही गोष्ट खरी आहे. राज्य म्हणजे काय, याचा पहिला धडा राजांनी असा बांधावर उभे राहून घेतला.

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत नद्यांची लहान लहान खोरी आहेत. सूर्य ज्या बाजूस मावळतो ती बाजू म्हणून त्या प्रदेशाला मावळ हे नाव पडले. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, रोहिड खोरे अशा त्याच्या बारा भागांना बारा मावळ म्हणत. पौडावरून मुळशीकडे आणि तेथून ताम्हिणीच्या घाटाकडे जावे, तो डोंगर उंच होत जातो आणि रान दाट होते. ताम्हिणीला पावसाळ्यात पाऊस असा कोसळतो की समोरचा कडाही दिसेनासा होतो. घाट उतरला की कोकण लागते. त्याच बाजूस पुढे रायगड आहे. खाचरांत भात आणि उतारावर नाचणी-वरी पिकवून पोट भरणारे, अंगाने काटक, पायाने चपळ असे लोक येथे राहत. ते गरीब होते आणि आपापल्या देशमुखांच्या भांडणांत परस्परांशीच झुंजत असत. शिवाजीराजांनी याच माणसांना हाताशी धरले. मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर, रोहिड खोऱ्याचे कान्होजी जेधे, येसाजी कंक, तानाजी मालुसरे असे सवंगडी त्यांना मिळाले. दिल्ली व विजापूर येथील दरबारांनी ज्यांची नावेही ऐकली नव्हती, त्या मावळ्यांच्या बळावर स्वराज्याची उभारणी सुरू झाली.

राजे सोळा वर्षांचे असतील नसतील, तेव्हाची एक हकीकत कागदोपत्री नमूद आहे. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी दुर्वर्तन केले. पाटील म्हणजे गावातील बडा माणूस. त्याला जाब कोण विचारणार? राजांनी त्याला पकडून आणविले, चौकशी केली, अत्यंत कठोर शिक्षा दिली आणि त्याची पाटीलकी काढून घेतली. ही वार्ता खोऱ्याखोऱ्यांतून पसरली.

पुढील पराक्रम सर्वांच्या परिचयाचे आहेत. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा पाडाव झाला. १६६३ मध्ये लाल महालात शिरून राजांनी शाएस्तेखानास पळावयास लावले. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६६६ मध्ये ते आग्र्याच्या कैदेतून निसटले आणि गेलेले किल्ले त्यांनी पुन्हा एक एक करून घेतले. समुद्रावर सत्ता हवी म्हणून त्यांनी आरमार बांधले आणि सिंधुदुर्ग उभारला. या गोष्टी पोवाड्यांतून गाइल्या गेल्या, आणि त्या गाव्यात अशाच आहेत. मात्र लढाई आटोपल्यावर राजा काय करतो, हे पोवाड्यांत फारसे येत नाही.

ते पाहावयाचे तर १६७३ च्या मे महिन्यातील एक पत्र पाहावे. मराठ्यांचे घोडदळ त्या वेळी चिपळूणजवळ छावणी करून होते. पावसाळा तोंडावर आला होता. घोड्यांसाठी दाणा व गवत मोठ्या कष्टाने साठविलेले होते. राजांनी तेथील अधिकाऱ्यांना लिहिले, की हा साठा जपून वापरावा. आताच उधळपट्टी केली तर ऐन पावसात काही उरणार नाही आणि घोडे उपाशी मरतील. मग शिपाई काय करतील? कोणी कुणब्याच्या घरचा दाणा आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. असे झाले तर रयत गाव सोडून जाईल आणि तिला हे लोक मोगलांपेक्षाही वाईट वाटतील. म्हणून जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावे. कोणावरही जुलूम करू नये. एवढे लिहूनही राजे थांबले नाहीत. रात्री दिवे तसेच जळत ठेवून निजू नये, अशीही त्यांनी ताकीद दिली. कारण उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सारी पागा होरपळून निघेल. ज्याच्या नावाने बादशहाची झोप उडत होती, तो राजा दूरच्या एका छावणीतील दिव्याच्या वातीचाही विचार करीत होता!

तीन वर्षांनी, १६७६ मध्ये, प्रभावळीच्या सुभेदाराला त्यांनी असेच एक पत्र पाठविले. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, ज्याच्या घरी दाणे नाहीत त्याला दाणे द्यावेत, आणि हे देणे व्याज न लावता, शेतकऱ्याला झेपेल तसतसे हळूहळू परत घ्यावे, असा त्याचा आशय आहे. पुण्याच्या उजाड शिवारात घेतलेला धडा राजे झाल्यावरही ते विसरले नव्हते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर त्यांना राज्याभिषेक झाला आणि ते छत्रपती झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, त्याच गडावर त्यांचे निधन झाले. पुढे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. तरीही रयत लढत राहिली. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला, पण स्वराज्य बुडाले नाही.

१८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून रायगड घेतला. गडावरील वाडे जळाले. महाराजांच्या समाधीभोवती झाडेझुडपे वाढली आणि तेथे दिवा लावणाराही कोणी राहिला नाही. ज्याने राज्य निर्माण केले त्याची अशी आबाळ व्हावी, याची खंत पुढे अनेकांना वाटू लागली. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी महाराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून गौरविले. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव भरविला. परकी सत्तेविरुद्ध लोकांना जागे करणे, हा त्यांचा हेतू होता. फुल्यांना शेतकऱ्यांचा वाली दिसला, टिळकांना स्वातंत्र्याचा नेता दिसला. दोघेही एकाच पुरुषाकडे पाहत होते.

मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी महाराजांचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिले. याच केळुसकर गुरुजींनी १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला आपले बुद्धचरित्र भेट दिले होते. इकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद जमवीत होते. कोणाच्या माळ्यावरील, कोणाच्या पेटीतील, वाळवीने खाल्लेले कागदही त्यांनी टाकले नाहीत. १८९८ पासून ते ही साधने छापू लागले आणि १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. अशा परिश्रमांमुळेच महाराजांची पत्रे लोकांपुढे आली आणि तलवारीमागचा राजा दिसू लागला. पुष्कळ वर्षे शाळांतून महाराजांचे जन्मवर्ष १६२७ असे शिकवीत. जुन्या शकावलीतील नोंद व इतर पुरावे यांवरून विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला आणि अखेर २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

ग्रंथांबाहेरही महाराजांचे स्मरण जागे होते. मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधण्याचे ठरविले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खाचरे पाण्याखाली जाणार असे दिसू लागले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे पुढारी होते. कामाच्या जागी जाऊन बसणाऱ्या त्या स्त्रीपुरुषांना लोक मावळे म्हणूनच ओळखू लागले. भाजीच्या देठालाही हात लावू नका, असे सांगणाऱ्या राजाच्या मुलखातील ही माणसे आपल्या शेतांसाठी तुरुंगात गेली. बापटांनी तर अनेक वर्षांची शिक्षा भोगली. लढा सुमारे तीन वर्षे चालला. पण धरण झालेच. मुळशीहून ताम्हिणीकडे जाताना डाव्या-उजव्या डोंगरांच्या मध्ये जो विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो, तो हाच. त्या मावळ्यांची भातखाचरे त्याच्या तळाशी आहेत.