लाटेवर उभा राहिलेला माणूस : ड्यूक कहानामोकू

भाईंदर हे पाण्याने वेढलेले गाव. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-चौकचा अरबी समुद्र. तरीही आपल्यापैकी बहुतेकांचा पाण्याशी संबंध फारसा येत नाही. नायगावहून येणाऱ्यांना गाडीच्या दारातून खाडी दिसते, तेवढाच. मी उत्तनची. लाट कुठे उठते, कुठे फुटते, होडी केव्हा लोटायची, हे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना कोणत्याही शाळेने शिकवलेले नाही. आणि हे ज्ञान कोणत्या क्रमिक पुस्तकात आलेलेही मी पाहिले नाही. म्हणूनच ड्यूक कहानामोकू या हवाई बेटांवरील माणसाचे चरित्र वाचले तेव्हा ते मला परके वाटले नाही. अशाच, पुस्तकाबाहेर राहिलेल्या ज्ञानाला त्याने जगात मान मिळवून दिला.

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. ड्यूक ही पदवी नव्हे, ते त्याचे नाव. ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ एडिंबरा १८६९ साली हवाईला आला होता. त्याच्यावरून ड्यूकच्या वडिलांचे नाव ठेवले गेले आणि तेच थोरल्या मुलाला मिळाले. हा मुलगा अडीच वर्षांचाही झाला नव्हता, तोच १८९३ साली राणी लिलिउओकलानीचे राज्य उलथून टाकण्यात आले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने आपल्या मुलखास जोडली. म्हणजे जे राष्ट्र जन्मतः त्याचे होते, ते त्याला कळू लागण्यापूर्वीच नाहीसे झाले. उरला तो समुद्र. वाइकीकीच्या किनाऱ्यावर सहा भाऊ आणि तीन बहिणींचे हे कुटुंब वाढले. शाळा मध्येच सुटली, पाणी सुटले नाही.

फळीवर उभे राहून लाटेवरून सरकत येणे, ज्याला आज जग सर्फिंग म्हणते, ही त्या बेटांची जुनी विद्या. १७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे तिथे पोहोचली तेव्हा स्त्रिया, पुरुष, मुले, सरदार सारेच लाटांवर खेळत असत. फळ्या कोआ किंवा विलीविली या झाडांच्या लाकडाच्या. त्यांची निगा एखाद्या वाद्यासारखी राखली जाई. वापरून झाल्यावर फळी उन्हात सुकवायची, तिला खोबरेल तेल चोळायचे, सालीच्या कापडात गुंडाळायची आणि घरात टांगून ठेवायची. कारण उघड आहे. लाकूड पाणी पिते, जड होते, कुजते. पावसाळ्यात होड्या वर ओढून, तळ खरवडून, फटी बुजवून त्यांना पुन्हा तेल-रंग देणाऱ्या आमच्या लोकांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु परदेशी जहाजांबरोबर रोगही आले. त्यांनी हवाईची लोकवस्ती झपाट्याने घटवली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा खेळ आळशीपणाचा व असभ्यपणाचा वाटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाटांवर जाणारे थोडेच उरले होते.

त्या थोड्यांत वाइकीकीची ही मुले होती. १९०८ साली गोऱ्या मंडळींचे वर्चस्व असलेला एक क्लब तिथे निघाला. त्यानंतर स्थानिक तरुणांची हुई नालू, म्हणजे लाटांची मंडळी, १९११ साली रीतसर स्थापन झाली. ड्यूक तिच्या संस्थापकांपैकी एक.

तो नेमके काय करीत असे, हे समजून घेण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहू. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये! दूर समुद्रात वाऱ्याने उठलेली लाट किनाऱ्याकडे येते. पण तिच्याबरोबर पाणी येत नाही. पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळात फिरतो, पुढे सरकते ती फक्त शक्ती. पाणी उथळ झाले की लाटेचा तळ जणू अडतो. तिचा वेग कमी होतो, उंची वाढते, आणि खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा-दीड पटीवर आली की माथा पुढे कोसळतो. दोन मीटर खोल पाण्यात लाट ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने धावते. फळी स्थिर असेल तर ही लाट खालून निघून जाईल. म्हणून पोटावर पडून दोन्ही हातांनी वल्हवत फळीला आधी वेग द्यायचा. लाटेने शेपूट उचलताच फळी उतारावरून घसरू लागते. त्या क्षणी उभे राहायचे. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. आपण सतत खाली घसरत असतो आणि लाट सतत नवा उतार पुढे करीत असते. वजन फार पुढे गेले तर नाक पाण्यात खुपसते, फार मागे गेले तर लाट सुटते. सरळ किनाऱ्याकडे न जाता लाटेच्या तोंडावरून तिरके सरकले, तर फुटणाऱ्या पांढऱ्या पाण्याच्या पुढे राहता येते. त्या काळी फळीच्या तळाला वल्ह्यासारखे पातेही नव्हते. ते १९३५ साली टॉम ब्लेकने बसवले. तोवर वळायचे तर पाय पाण्यात ओढून. ड्यूकची पुढील काळातील एक फळी १६ फूट लांब व ११४ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलो वजनाची होती! ती उचलून पाण्यात नेणे हेच एक कसब.

जगाला मात्र तो प्रथम कळला तो पोहणारा म्हणून. ११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलूच्या बंदरात त्याने १०० यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विक्रमापेक्षा ४.६ सेकंद कमी! अमेरिकेतील क्रीडाधिकाऱ्यांचा यावर विश्वास बसला नाही. घड्याळे चुकली असतील, प्रवाहाची मदत झाली असेल, असे म्हणून विक्रम नाकारण्यात आला. ड्यूकने उत्तर पुढच्याच वर्षी दिले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक त्याचे होते. १९१६ चे सामने महायुद्धाने गिळले. १९२० साली अँटवर्पला, तिशीत पोहोचलेल्या ड्यूकने हेच सुवर्णपदक पुन्हा जिंकले, शिवाय सांघिक शर्यतीतही सुवर्ण. १९२४ साली पॅरिसला तो दुसरा आला. पहिला आला जॉनी वाइसमुलर, जो पुढे पडद्यावर टारझन झाला. तिसरा क्रमांक ड्यूकच्याच धाकट्या भावाचा, सॅमचा.

या प्रवासांत तो लाटेची विद्या बरोबर नेत होता. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात तो पोहण्यासाठी ऑस्ट्रेलियात गेला. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्याने तिथल्याच पाइनच्या लाकडाची फळी स्वतः घडवली आणि लोकांना लाटेवरची स्वारी दाखवली. इझाबेल लेथम या स्थानिक मुलीलाही त्याने फळीवर सोबत घेतले. ती फळी आजही तिथे जपलेली आहे.

परंतु मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस पदकांचा नव्हे. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचजवळ थेल्मा नावाची मासेमारीची नौका प्रचंड लाटांत उलटली. नौकेवर २९ जण होते. किनाऱ्यावर असलेला ड्यूक फळी घेऊन त्या लाटांत शिरला, बुडणाऱ्यांना फळीवर घेऊन परतला, पुन्हा गेला, पुन्हा परतला. १७ जण दगावले, १२ वाचले. त्यांपैकी आठ जणांना एकट्या ड्यूकने वाचवले. त्यानंतर जीवरक्षकांच्या साहित्यात फळीला जागा मिळू लागली. आळशांचा खेळ म्हणून हिणवलेली गोष्ट माणसांचे प्राण वाचवणारे साधन ठरली.

एवढ्या कीर्तीने पोट मात्र भरले नाही. हौशी खेळाडूंच्या नियमांमुळे पोहण्यातून पैसा मिळवता येत नव्हता. चित्रपटांत छोट्या भूमिका मिळाल्या. अमेरिकेत काही उपाहारगृहांनी त्याला वर्णामुळे दारातूनच परत पाठवले. मायदेशी त्याने पेट्रोल पंपही चालवला. १९३४ पासून पंचवीसहून अधिक वर्षे तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून येत राहिला. २२ जानेवारी १९६८ रोजी त्याचे निधन झाले आणि त्याच्या अस्थी वाइकीकीच्या समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. सर्फिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे ही त्याची इच्छा २०२१ साली टोकियोच्या सामन्यांत पूर्ण झाली. तिथे महिलांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूर या हवाईच्याच मुलीने जिंकले.

उत्तनला असे खेळता येईल का, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. वाइकीकीला तो एक मीटरच्या आत असतो. त्यामुळे आपल्याकडे लाट फुटण्याची जागा तासातासाला बदलते, त्यात खडक, आणि पावसाळ्यात वाऱ्याने विस्कटलेल्या लाटा. तेव्हा फळी घेऊन धावू नये हेच बरे. परंतु उधाण केव्हा, भांग केव्हा, कोणत्या खडकावर पाणी फसवते, हे जाणणारी माणसे आपल्या गावात आहेत, आणि ते न जाणणारी तरुण मुले मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यांवर दर पावसाळ्यात बुडत आहेत. आपण भाषा आणि इतिहास शिकणारे विद्यार्थी. या माणसांपाशी बसून त्यांचे पाण्याचे शब्द वहीत उतरवून घेणे, एवढे तरी आपल्या हातचे आहे.