पाळतीचा अर्थ ओळखणारा न्यायाधीश

कायद्याचे शिक्षण घेत असताना बहुमताचे निकाल मी टिपणे काढून वाचत असे आणि भिन्नमताची निकालपत्रे परीक्षेला उपयोगाची नाहीत म्हणून चाळून बाजूला ठेवीत असे. न्यायमूर्ती कोका सुब्बा राव यांचे १९६२ मधील भिन्नमत त्यांपैकीच एक होते. पुढे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा समजून घेण्याची वेळ आली तेव्हा मला त्याच पानांकडे परतावे लागले. आजच्या वादातील मूळ प्रश्न तेथे साठ वर्षांपूर्वीच मांडलेला आहे, हे मला उशिराने उमगले. म्हणूनच या न्यायाधीशाच्या आयुष्याकडे पुन्हा पाहणे मला अगत्याचे वाटते.

सुब्बा राव यांचा जन्म १५ जुलै १९०२ रोजी गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचा. कायद्याचे शिक्षण मद्रासला झाले आणि वकिलीही तेथेच बहरली. मद्रासचे मुख्य न्यायाधीश झालेले पी. व्ही. राजमन्नार हे त्यांचे मेहुणे. १९४८ मध्ये सुब्बा राव मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेलुगू भाषकांचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आल्यावर १९५४ मध्ये गुंटूर येथे स्थापन झालेल्या आंध्र उच्च न्यायालयाचे ते पहिले मुख्य न्यायाधीश ठरले. जानेवारी १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले. शासनाच्या हेतूंवर विश्वास ठेवण्याकडे त्या काळातील न्यायालयाचा कल होता. सुब्बा राव यांचे मन मात्र नागरिकाने आणलेल्या तक्रारीपासून विचार सुरू करीत असे, आणि त्यामुळे ते वारंवार अल्पमतात राहिले.

खडक सिंग यांचा खटला त्यांच्यासमोर आला तो याच काळात. उत्तर प्रदेशातील या माणसावर १९४१ मध्ये दरोड्याचा आळ आला होता, पण पुरावा नसल्याने त्याला सोडून देण्यात आले. पोलिसांनी मात्र त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली. राज्याच्या पोलीस नियमावलीतील नियम २३६ नुसार अशा व्यक्तीच्या घरावर गुप्त पहारा ठेवता येई, रात्री घरी जाऊन तपासणी करता येई, तिच्या सवयी, संबंध, उत्पन्न आणि व्यवसाय यांची वेळोवेळी चौकशी करता येई, आणि तिच्या येण्याजाण्याची नोंद ठेवता येई. चौकीदार व शिपाई अपरात्री दार ठोठावून आपली झोपमोड करतात आणि गाव सोडताना आपल्याला वर्दी द्यावी लागते, अशी खडक सिंग यांची तक्रार होती.

सहा न्यायाधीशांच्या पीठाने १८ डिसेंबर १९६२ रोजी निकाल दिला. या नियमांना कोणत्याही अधिनियमाचा आधार नाही, त्या केवळ प्रशासकीय सूचना आहेत, हे सर्वांनाच मान्य होते. म्हणजे मूलभूत हक्काचा भंग सिद्ध झाला की नियम आपोआप कोसळणार होता. मतभेद होता तो भंग कशाने होतो यावर. रात्रीच्या घरझडतीने व्यक्तिस्वातंत्र्य दुखावते, असे न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी बहुमताच्या वतीने लिहिले आणि तेवढा भाग रद्द केला. उरलेली पाळत मात्र कायम राहिली. राज्यघटना खासगीपणाच्या हक्काची हमी देत नाही आणि कोणी लांबून पाहत असल्याने चालण्याफिरण्यात प्रत्यक्ष अडथळा येत नाही, ही त्यामागची भूमिका होती.

सुब्बा राव यांनी संपूर्ण नियमच घटनाबाह्य ठरवला. मुंबई उच्च न्यायालयातून आलेले न्या. जे. सी. शहा यांनी त्यांना साथ दिली. सुब्बा राव यांचे म्हणणे असे की, ज्याच्या मागावर सतत कोणी आहे त्याचे पाय मोकळे असले तरी तो मोकळेपणाने वावरत नाही. कोणाला भेटावे, कोठे जावे, काय बोलावे हे तो पाहणाऱ्याचा विचार करून ठरवतो. मनावरचे हे दडपणही बंधनच आहे. खासगीपणा असा शब्द घटनेत नसला तरी त्यावाचून व्यक्तिस्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. शिवाय अनुच्छेद १९ आणि २१ यांतील हक्क वेगवेगळ्या कप्प्यांत बंद नसून ते एकमेकांत मिसळलेले आहेत, हेही त्यांनी बजावले.

त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन एकरंगी करता येत नाही. ३० जून १९६६ रोजी ते सरन्यायाधीश झाले. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने त्यांनी मूलभूत हक्क आकुंचित करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. भूसुधारणेच्या समर्थकांना त्यात मालमत्ताधारकांची पाठराखण दिसली, आणि ती टीका निराधार नव्हती. १० एप्रिलला त्यांच्या पीठाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, आणि त्या निकालामुळे सरकारला पारपत्राचा कायदा करावा लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडले आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवली. झाकीर हुसेन यांच्याकडून ते पराभूत झाले. सरन्यायाधीशाने न्यायासनावरून थेट राजकीय लढतीत उतरणे मला आजही खटकते. त्यांच्या निकालांना पक्षीय रंग चिकटवण्याची संधी त्यामुळे टीकाकारांना मिळाली.

६ मे १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. आठच दिवसांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्कही नाकारला होता. आपल्या विचाराला मान्यता मिळताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. हक्क परस्परांत गुंफलेले असतात हे न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात स्वीकारले. खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून निःसंदिग्ध मान्यता मिळण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला आणि खडक सिंग निकालातील विरोधी विधान मोडीत काढले.

मग प्रश्न मिटला का? मला तसे वाटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांवर बंधने घातली. संमती, माहितीचा हेतू, तिची दुरुस्ती आणि पुसून टाकणे यांचे हक्क नागरिकाला दिले. परंतु कलम १७ नुसार सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळू शकते. गरज संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधनही शासनयंत्रणेला लागू नाही. दूरध्वनी ऐकण्याच्या आदेशांचा फेरविचार करणाऱ्या समित्यांवरही अधिकारीच असतात.

गुन्हे रोखण्यासाठी शासनाला माहिती लागते, हे कोणीही नाकारणार नाही. खुद्द सुब्बा राव यांच्या युक्तिवादातही पाळतीला सरसकट मज्जाव नव्हता. हक्कावर मर्यादा आणायची तर घटनेच्या कसोटीला उतरणारा कायदा हवा, एवढा त्यांचा आग्रह होता. आज कायदा आहे, पण त्यातील सूट इतकी रुंद आहे की, नियम २३६ सारखी व्यवस्था तिच्यातून सहज पार होईल. पाळतीच्या आदेशाला स्वतंत्र न्यायिक मंजुरी, सवलतीला मुदत आणि शासकीय नोंदी पुसण्याचे बंधन या तीन दुरुस्त्या संसदेच्या हाती आहेत. पुराव्याअभावी सुटलेल्या खडक सिंग यांची हिस्ट्रीशीट वीस वर्षांनंतरही बंद झाली नव्हती. आजच्या संगणकीय नोंदी कधी बंद करायच्या, हे आपल्या कायद्याने अजून शासनाला सांगितलेले नाही.