मातीचे ऋण फेडणारा शास्त्रज्ञ

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात १८७३ साली जन्मलेले सर अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथे आले. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाचे सुधारित वाण विकसित केले. मात्र शिकवायला आलेल्या या शास्त्रज्ञाने येथील शेतकऱ्यांनाच गुरू मानले. १९२४ पासून इंदूरच्या संशोधन संस्थेत त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत कसदार खत तयार करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३० मध्ये गॅब्रिएल निवर्तल्या. पुढच्याच वर्षी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेला या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हॉवर्ड मायदेशी परतले. शहरांचा कचराही मातीकडे परत गेला पाहिजे, हा आग्रह त्यांनी १९४७ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही. रासायनिक नत्रखतांच्या निर्मितीत प्रचंड ऊर्जा खर्ची पडते, त्यासाठी प्रामुख्याने नैसर्गिक वायू लागतो. उद्या हे इंधन दुर्मीळ झाले, तर शहरालगतच्या भाजीमळ्यांना खत कोठून मिळणार? त्याचे एक उत्तर आपण रोज घंटागाडीत टाकतो. ‘इंदूर पद्धती’चा हा धडा आपण कधी गिरवणार?